सगळे दिवे एलईडी केले, आता सासूबाई म्हणतात दवाखान्यात बसल्यागत वाटतंय

चिमणी (४ जून, रात्री ९:५०)

सांगलीत आमचं जुनं घर आहे. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागे मोरी, वर दोन खोल्या. एप्रिलच्या सुरुवातीला एकदाचा पदर खोचला आणि घरातले सगळे दिवे बदलून टाकले. ४० च्या तीन ट्यूब होत्या, लोखंडी पट्टीच्या, गुरगुरणाऱ्या चोकच्या. त्या काढून २० वॅटच्या एलईडी पट्ट्या लावल्या. दाराबाहेर १०० चा पिवळा बल्ब, मोरीत ६० चा, दोन्हींच्या जागी ९ वॅटचे. वरच्या खोल्यांतले सीएफएलही काढले. मजुरी सोडून १५०० रुपये गेले.

आता रडगाणं ऐका. मार्चचं बिल १६८ युनिटचं होतं, मेचं आलं १८७ चं. नवऱ्याने काही न बोलता ते फ्रिजला चुंबकाने लावून ठेवलंय. माडीवरच्या खोलीतला नवा बल्ब बटण बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणत असतो, लेक तिकडे झोपायला तयार नाही. आणि सासूबाई (वय ८१) रोज संध्याकाळी सोप्यात वाती वळत बसतात, त्या म्हणतात, "दवाखान्यात नंबर लावून बसल्यागत वाटतंय." काल बघते तर पट्टी बंद करून अंधारात बसलेल्या.

माझं काय चुकलं?

तिखटमीठ (४ जून, रात्री १०:०५)

काही चुकलं नाही. नवऱ्याला पाककृतीच्या धाग्यांवर पाठवून द्या, फ्रिजचे दुसरे उपयोग कळतील.

(मिणमिणणाऱ्या बल्बचं उत्तर मलाही हवंय. आमच्याकडे जिन्यातला तसाच करतो.)

अर्धवट_इंजिनिअर (४ जून, रात्री १०:४०)

मेचं बिल मार्चशी ताडायचं नसतं हो. मेमध्ये पंखे दिवसरात्र चालतात, फ्रिज जास्त वेळा सुरू होतो. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यात गेल्या वर्षीचा मे शोधा आणि त्याच्याशी ताडा.

तोवर मी इथे बसून अंदाज बांधतो. १००० वॅटचं काहीही एक तास चाललं की एक युनिट. जुन्या ट्यूबवर ४० लिहिलेलं असलं तरी चोक १०-१२ वॅट वेगळे खातो, म्हणजे खरी ५२ ची धरा. २० ची पट्टी आली, वाचले ३२. तिन्ही मिळून दिवसाला १५ तास धरले तर महिन्याला १४ च्या वर युनिट. दाराबाहेरचा १०० चा रोज ३ तास, तिथे ८. मोरीतला २ तास, तिथे ३. एकूण २५-२६ युनिट वाचायला हवेत. सीएफएलचे सोडून देतो, १४-१५ वॅटवरून ९ वर आल्याने फार काही हाती लागत नाही.

गेल्या मेचा आकडा २१० च्या आसपास निघाला नाही तर मी आयडी बदलेन.

चिमणी (४ जून, रात्री ११:१०)

२१४! म्हणजे २७ युनिट कमी. तुमचा आयडी वाचला. बिल फ्रिजवरून काढून कपाळाला लावलंय, नवऱ्याच्या.

अर्धवट_इंजिनिअर (४ जून, रात्री ११:२५)

:)

आता पैशांत बघा. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा टप्पा चांगलाच महाग, मग ५०० पर्यंत आणखी. वाचलेलं युनिट नेहमी वरच्या टप्प्यातून कमी होतं. म्हणून सरासरी दराने गुणू नका, वरच्या टप्प्याच्या दराने गुणा आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरा. स्थिर आकार मात्र दिवे बदलले म्हणून हलत नाही. १५०० रुपये दिवाळीच्या आत वसूल व्हावेत.

वायरमन_दादा (५ जून, सकाळी ७:१५)

ताई, मिणमिणणाऱ्या बल्बचं सांगतो. २२ वर्षं हेच करतोय.

आधी बटणाकडं बघा. बटण बंद असताना त्यात बारीक लाल दिवा लागतो का? तो इंडिकेटर असला तर त्यातनं अगदी किरकोळ करंट बल्बापर्यंत जात असतो. जुन्या ६० च्या बल्बला तेवढ्यानं काही होत नव्हतं, तार तापायलाच लई करंट लागतो. एलईडीला मात्र चिमूटभर पुरतो. हे कारण असलं तर धोका नाही. साधं बटण बसवा, विषय मिटला.

इंडिकेटर नसला तर मात्र दुर्लक्ष करू नका. जुन्या घरांत बऱ्याच वेळा बटण फेजवर (करंट आणणाऱ्या वायरीवर) न टाकता न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) टाकलेलं असतंय. मग बटण बंद केलं तरी होल्डरमधी फेज जिवंत राहते. जुना बल्ब गप्प विझायचा म्हणून कुणाला पत्ता नव्हता, एलईडीनं चहाडी केली. असं असताना बल्ब बदलायला गेलं आणि बोट आत लागलं तर सरळ झटका. स्टुलावर उभं राहून घरच्यांनी टेस्टर लावायच्या भानगडीत पडू नका, माणूस बोलवा, अर्ध्या तासाचं काम आहे. लांबलचक वायर शेजारच्या चालू वायरीसोबत एकाच पायपातनं गेली असली तरीबी थोडं मिणमिणतं, पण ते शेवटी बघायचं.

भूत नाही एवढं लेकीला सांगा.

तिखटमीठ (५ जून, सकाळी ८:००)

आमच्या जिन्यात इंडिकेटरवालंच बटण आहे. दादा, तुमच्या पायाचा फोटो टाका, नमस्कार करते.

पिंपळपान (५ जून, सकाळी १०:२०)

छान धागा. थोडं जुनं आठवलं म्हणून लिहिते.

आमच्या घरात दिव्यांच्या तीन पिढ्या झाल्या. भारनियमनाच्या काळात इन्व्हर्टर आला आणि त्याच्यामागून सीएफएल, कारण बॅटरीवर पिवळा बल्ब लावणं म्हणजे हौद बादलीने उपसून बागेला घालणं. २००९ मध्ये केंद्राची बचत लॅम्प योजना आली, साधा बल्ब द्या आणि १५ रुपयांत सीएफएल घ्या. मग ५ जानेवारी २०१५ ला एलईडीची योजना सुरू झाली, तिचंच नाव पुढे उजाला. सरकारी खरेदीत २०१४ ला ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ४० रुपयांच्या खाली आला. ३६ कोटींवर बल्ब वाटले गेले. वीज बिल भरायला गेलेली माणसं पिशवीत बल्ब घेऊन परत यायची, ते दिवस आठवत असतील. त्यातला एक माझ्या बाल्कनीत अजून जळतोय.

आणि हे सगळं निळ्या एलईडीमुळे. लाल, हिरवे एलईडी फार आधीपासून होते, रेडिओवर टिमटिमायचे. निळा जमेना, आणि निळ्याशिवाय पांढरा होईना. तो जपानमध्ये जन्मलेल्या ज्या तीन शास्त्रज्ञांनी साधला, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा, त्यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बल्बाच्या आत पिवळे ठिपके दिसतात, ती निळ्या एलईडीवर लावलेली पिवळी भुकटी. निळा आणि पिवळा मिसळून डोळ्याला पांढरं दिसतं.

तुमच्या सासूबाईंची तक्रार तिथेच आहे. निळा जास्त उरला की दवाखाना.

चिमणी (५ जून, दुपारी १:३०)

वायरमन दादा, आमच्याकडच्या बटणात लाल दिवा नाही. म्हणजे दुसरं कारण. उद्या माणूस येतोय. खरंच आभार.

पिंपळपान, हे आवडलं. म्हणजे निळा कमी असलेला पांढरा मिळतो?

दूरदेशी (५ जून, संध्याकाळी ५:४५)

मिळतो, आणि मी राहतो तिथे (म्युनिच) घरात बहुतेक तोच लावतात.

खोक्यावर उजेडाच्या रंगाचा आकडा असतो, केल्विनमध्ये: २७०० के किंवा ३००० के म्हणजे पिवळसर, जुन्या बल्बासारखा. ४००० के मधला. ६५०० के म्हणजे निळसर पांढरा, ज्याला दुकानात 'कूल डे लाईट' म्हणतात. आपल्याकडे दुकानदार न विचारता ६५०० चाच हातात देतो. का, तर ट्यूबलाईटने आपल्याला सवय लावली की पांढरा म्हणजे लख्ख आणि पिवळा म्हणजे मिणमिणता. खरं तर उजेड किती ते ल्युमेनवर ठरतं, रंगाचा त्याच्याशी संबंध नाही. ९ वॅटचा साधारण ९०० ल्युमेनचा बल्ब पिवळाही मिळतो. जुना ६० चा ७०० च्या आसपास द्यायचा, म्हणजे उजेड कमी होत नाही.

इकडे युरोपात २००९ च्या सप्टेंबरपासून १०० वॅटचे पिवळे बल्ब बाजारात आणायला बंदी आली, २०१२ पर्यंत बाकीचेही गेले. तेव्हा लोकांनी खोकी भरभरून साठा केला होता, माझ्या घरमालकिणीच्या तळघरात अजून आहे. २०२३ मध्ये ट्यूबलाईटीही गेल्या.

अवांतर: पुण्याहून आकाशकंदील आणला, वायर-होल्डरसकट. आपल्या होल्डरला दोन खाचा, बल्ब दाबून फिरवायचा. इकडे सगळं आट्यांचं. दिवाळीच्या संध्याकाळी कंदील हातात धरून उभा.

तिखटमीठ (५ जून, संध्याकाळी ६:१०)

मग काय केलंत?

दूरदेशी (५ जून, संध्याकाळी ६:२५)

आत मोबाईलचा टॉर्च लावून टांगला. पुढच्या वर्षी येताना आट्याचा होल्डर घेऊन आलो आणि बायकोने विचारलं, हा इथे कोपऱ्यावर मिळतो ना?

कोंबडीवाला (५ जून, रात्री ९:००)

आमची छोटी पोल्ट्री आहे, गावरान. एक अनुभव सांगतो, हसू नका.

पिल्लं आणली की पहिले दोन आठवडे ब्रूडरमध्ये बल्ब लावून ऊब द्यावी लागते. गेल्या हिवाळ्यात भावाने शहाणपणा केला आणि वीज वाचवायला सगळे बल्ब काढून एलईडी लावले. पहाटे जाऊन बघतो तर पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून गोळा झालेली, खालची काही चेंगरून गेलेली. उजेड भरपूर, ऊब शून्य. पिवळा बल्ब मुळात शेगडीच आहे, उजेड त्याच्याबरोबर फुकट. पिल्लांना शेगडीच हवी असते. आता ब्रूडरमध्ये परत ६० चे आणि १०० चे, शेडमध्ये एलईडी. पण तालुक्याला १०० चा बल्ब मागितला की दुकानदार वर-खाली बघतो.

वायरमन_दादा (५ जून, रात्री ९:२०)

+१. मलाबी १०० चा मिळंना झालाय. सिरीज टेस्टिंगला (तपासायच्या वस्तूसोबत बल्ब एकाच ओळीत जोडून बघायला) तारेचाच बल्ब लागतो. शॉर्ट असलं की बल्ब पूर्ण पेटतो, नसलं की मंद, त्यावरनं कळतं. एलईडी तिथं कामाचा नाही. आहे तो बल्ब बायकोपेक्षा जपतोय. (ती हा धागा वाचत नाही.)

अबोली (६ जून, सकाळी ११:००)

माझी तक्रार आयुष्याबद्दल. खोक्यावर २५००० तास लिहितात. रोज ५ तास लावला तरी १३ वर्षं जायला पाहिजे. माझ्या बाथरूममधला ११ महिन्यांत गेला, त्याच्या जागचा ७ महिन्यांत. पहिल्याची वॉरंटी एक महिना शिल्लक होती तर दुकानदार म्हणे बिल दाखवा. बल्बाचं बिल कोण ठेवतं?

अर्धवट_इंजिनिअर (६ जून, सकाळी ११:४५)

बाथरूममध्ये काचेच्या बंद गोळ्यात लावलाय का?

अबोली (६ जून, सकाळी ११:५०)

हो!! कॅमेरा लावलाय का तुम्ही?

अर्धवट_इंजिनिअर (६ जून, दुपारी १२:३०)

नाही हो, सगळ्यांचं तेच होतं. एलईडी पुढे ऊब फेकत नाही, पण मागे त्याच्या बुडाशी उष्णता साठते, आणि तिथेच २३० व्होल्ट खाली आणणारं सर्किट बसलेलं असतं. त्यातला कपॅसिटर उष्णतेचा वैरी. दर १० अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य साधारण अर्धं होतं. बंद गोळ्यात गरम हवा अडकते, कपॅसिटर आटतो, बल्ब फडफडतो आणि जातो. उजेड देणारी चिप अजून धडधाकट असते. २५००० तास हे चिपच्या हिशेबाने, तेही उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे. गोळा काढा किंवा वरून उघडं शेड लावा.

दुसरं कारण, व्होल्टेजचे धक्के. गावाकडे न्यूट्रल तुटला की घरात ४०० पर्यंत व्होल्टेज चढू शकतं. खोक्यावर ४ केव्ही सर्ज प्रोटेक्शन लिहिलेला घ्यावा, पण तुटलेल्या न्यूट्रलपुढे तेही टिकत नाही. आणि बिलाचा फोटो काढून ठेवत जा.

सातारी_भिडू (६ जून, दुपारी २:१५)

गेलेला बल्ब फेकता कशाला? उघडून बघा, एका चिपवर काळा ठिपका दिसतो. ती उकरून तिथं डाग दिला की बल्ब चालू. आमच्याकडं बाजारात एक जण १० रुपयांत करून देतो.

अर्धवट_इंजिनिअर (६ जून, दुपारी २:४०)

चिपा एकामागे एक ओळीने जोडलेल्या असतात, एक गेली की सगळी ओळ विझते, म्हणून जुगाड चालतो. पण एक चिप कमी झाली की बऱ्याच स्वस्त बल्बांत बाकीच्यांवर ताण वाढतो, थोड्या दिवसांनी पुढचा काळा ठिपका. आणि आतली पट्टी थेट मेनशी जोडलेली असते. टोपण काढलेला बल्ब होल्डरात लावून 'बघतो जरा' म्हणणाऱ्यांसाठी दोन मिनिटं शांतता.

बाजारातल्या माणसाला मात्र माझा पाठिंबा. ४० रुपयांची वस्तू दुरुस्त करणारा माणूस टिकला पाहिजे.

चिमणी (६ जून, रात्री १०:००)

वृत्तांत. वायरमन आला. दादा, तुमचं अगदी बरोबर निघालं, माडीवरचं बटण न्यूट्रलवर होतं. एकच नाही, चार! इतकी वर्षं आम्ही त्या होल्डरात बोटं घालत होतो. सगळी बदलली.

त्याने आणखी एक गोष्ट काढली. देवघरातला लाल झिरो आणि माजघरातला निळा झिरो मी बदललेच नव्हते. झिरोचं काय बदलायचं? तर तो म्हणाला, वहिनी, हे १५ वॅटचे आहेत.

अर्धवट_इंजिनिअर (६ जून, रात्री १०:२०)

मी तरी कसा विसरलो! जुन्या चकतीच्या मीटरला एवढा बारीक भार जाणवायचा नाही, म्हणून त्याला झिरो म्हणायला लागले असं सांगतात. आताच्या इलेक्ट्रॉनिक मीटरला सगळं जाणवतं. दोन झिरो १० तास म्हणजे महिन्याला ९ युनिट. तुमच्या दाराबाहेरच्या १०० च्या बल्बाएवढेच! अर्ध्या वॅटचे एलईडी येतात.

मनमौजी (६ जून, रात्री १०:४५)

बल्बांवर एवढी चर्चा आणि पंख्याचं कुणी नाव घेईना. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी मोटरचा नवा ३० च्या आसपास. रोज १० तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १३ युनिट वाचतात. आणि गिझर २००० वॅटचा, अर्धा तास चालला की एक युनिट गेलं.

तिखटमीठ (६ जून, रात्री १०:५०)

मनमौजी, वेगळा धागा काढा. इथे सासूबाईंचा प्रश्न अजून लटकलाय.

पिंपळपान (७ जून, सकाळी ९:३०)

तेच म्हणते. माझ्या आईच्या वेळी मी हे सगळं केलंय. उतारवयात उजेड जास्त लागतो, पण चकाकी जास्त टोचते. त्यामुळे नुसता पिवळा लावून भागत नाही, उघडा बल्ब नजरेसमोर नको. त्या बसतात तिथे डाव्या खांद्याच्या मागे, शेडमध्ये, ३००० चा ९ वॅटचा लावा. वातीसाठी कापूस पिंजायला उजेड हातावर पडला पाहिजे. पट्टी राहू द्या, पाहुणे आले की लावा.

खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) दिसतो का तेही बघा, ८० च्या वरचा घ्या, ९० चा मिळाला तर सोडू नका. पिवळ्या बल्बाचा १०० असायचा. हलक्या एलईडीत लाल रंग मरतो. कुंकू विटकरी दिसतं, टोमॅटो शिळा वाटतो. म्हाताऱ्या माणसांना सांगता येत नाही, पण खटकतं.

आणि काढलेले सीएफएल कचऱ्यात टाकू नका, आत थोडा पारा असतो. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. फुटलाच तर खिडक्या उघडा, केरसुणी न फिरवता जाड कागदाने गोळा करा.

चिमणी (११ ऑगस्ट, रात्री ९:१५)

धागा वर आणते, कारण जुलैचं बिल आलं. गेल्या जुलैला १७१, या जुलैला १३६. फ्रिजला चुंबकाने लावलंय, मीच.

सोप्यात पिंपळपानांनी सांगितलं तसा शेडचा दिवा केला. सासूबाईंनी पहिल्या दिवशी हात पुढे करून उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, "आता माझी बांगडी सोन्याची दिसली. तुझ्या पट्टीत पितळेची होती." पट्टी आता कुणी लावत नाही. लेक माडीवर झोपते.

देवघरातल्या झिरोवरून मात्र वाजलं. त्यांना वाटलं मी देवाच्या दिव्यात काटकसर करते. १५ वॅटचा आहे हे समजावलं तर म्हणाल्या, "मग मेल्याला झिरो कोण म्हणालं?" आणि स्वतः स्टुलावर चढायला निघाल्या. बदलला.

वायरमन_दादा (११ ऑगस्ट, रात्री ९:४०)

ताई, काढलेला १०० चा बल्ब टाकला नाही ना?

कोंबडीवाला (११ ऑगस्ट, रात्री ९:४२)

दादा, मी जूनपासून नजर ठेवून बसलोय.

चिमणी (११ ऑगस्ट, रात्री १०:००)

दोन्ही जपून ठेवलेत, वर्तमानपत्रात गुंडाळून. १०० चा दादांना, त्यांनी माझं घर वाचवलंय. ६० चा पिल्लांना. आणि दोन झिरो आहेत, लाल आणि निळा. कुणाला हवेत का?

दूरदेशी (११ ऑगस्ट, रात्री १०:०५)

मला हवेत. पण होल्डरसकट द्या.